सेंट ऑझवल्ड्सच्या बागेतली माती

नगर,
१८ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

सलाम.

व्हिसा मिळाला! बाकी सगळं मागाहून, आधी हे. शाळेत माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आता ट्रॅव्हलचं ऑफिस चालवते, तिनेच अर्ज भरला होता. काल पासपोर्ट घेऊन दारात उभी राहिली आणि ओरडून काहीतरी सांगू लागली. मला ऐकू आलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

कान आता पुरते गेले, दादा. डॉक्टरांनी दिलेलं यंत्र लावलं की कोणी भांडी आपटतंय असं वाटतं. फोन संपला, आता आपलं पत्रांवरच. मला त्याचं वाईट वाटत नाही. फोनवरचं बोलणं काही उशाशी ठेवता येत नाही.

येत्या नऊ मेला शमूला जाऊन सत्तावीस वर्षं होतील. एकुलता एक मुलगा शिकायला तुझ्याकडे पाठवला आणि मी त्याला पुन्हा पाहिलं नाही. सायकलवर होता, लॉरीने उडवलं, हे तू फोनवर सांगितलंस ते मला शब्दन् शब्द आठवतं. तेव्हा आम्हाला येणं जमलं नाही. तुम्ही दहन केलंत, सेंट ऑझवल्ड्स चर्चच्या बागेत त्याची रक्षा मातीत मिसळलीत, आत भिंतीवर पितळेची पाटी लावलीत. मग एकदा व्हिसा नाकारला गेला, आणि दुसऱ्यांदा अर्ज करायच्या वेळी ह्यांना अर्धांगवायू झाला. आता हे जाऊनही तीन वर्षं होतील.

दर नऊ मेला तू तिथे मेणबत्ती लावतोस आणि मला लिहितोस. गेल्या वर्षी लिहिलंस की नव्या पाळकबाईंनी उपासनेत शमूचं नाव घेतलं. त्या पत्राची मी किती पारायणं केली असतील! त्या बाईंना भेटून एकदा हात हातात घ्यायचा आहे.

मला लंडन बघायचं नाही. तुझ्या बाकावर तुझ्या शेजारी बसायचं आहे आणि पाटीवरून एकदा हात फिरवायचा आहे. पाच मेचं तिकीट काढते. अनुयाला विचार, बाजरीचं पीठ आणू का?

तुझी,
मार्था

*

एजवेअर, लंडन,
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय मार्था,

सलाम. पत्र पोचलं. व्हिसा मिळाला हे फार चांगलं झालं.

पण मे महिन्याचं जरा थांबून ठरव. इकडची हवा मे महिन्यात फार बेभरवशाची. सकाळी ऊन, दुपारी गारठा. तुला दम्याचा त्रास आहे. माझाही उजवा गुडघा सध्या साथ देत नाही, जिना उतरताना ऍरनचा हात धरावा लागतो. तू आलीस आणि मी घरात बसून राहिलो, असं व्हायला नको.

आणखी एक. चर्चचं काम निघालंय. दीडशे वर्षांची इमारत, छप्पर गळत होतं. चारी बाजूंनी परांची बांधली आहे, आत कोणाला जाऊ देत नाहीत. एवढ्या लांबून येऊन बाहेरूनच परत जायचं, त्यापेक्षा पुढच्या वर्षी शांतपणे ये. व्हिसा सहा महिन्यांचा असतो हे मला ठाऊक आहे, पण एकदा मिळाला की दुसऱ्यांदा अडवत नाहीत म्हणतात.

ऍरनची एला बरी आहे. फिजिओथेरपिस्ट झाली, हॉस्पिटलात काम करते. पीठ आणायची गरज नाही, इथे सगळं मिळतं.

प्रकृतीला जप.

तुझा,
योएलदादा

*

नगर,
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

तुझं पत्र चारदा वाचलं. हवा, गुडघा, छप्पर आणि पीठ. चाळीस वर्षं मुलांचे निबंध तपासले मी. खरं कारण लिहायचं नसलं की मुलं चार कारणं लिहितात.

अनुयाला मी नको असेन तर तसं स्पष्ट लिही. मी समजू शकते. बहिरी आतेसासू महिनाभर घरात, प्रत्येक गोष्ट तिला कागदावर लिहून द्यायची, कोणाला आवडेल? नीनावहिनी असत्या तर गोष्ट वेगळी होती. शमू तीन वर्षं तुमच्याकडे राहिला, पण वहिनींनी कधी त्याला परका म्हटलं नाही. सुनेकडून तेवढी अपेक्षा करू नये, हे मला कळतं. जवळपास एखादी खोली भाड्याने मिळाली तरी चालेल. डाळभात मी माझा करीन.

आणि परांचीचं म्हणशील तर मी धुळीत बसेन. कामगारांना सांग, एक म्हातारी आहे, दहा मिनिटं बसून जाईल.

तिकीट काढलं आहे, पाच मेचं. मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे, दादा. पुढच्या वर्षीचं मला सांगू नकोस.

मार्था

*

एजवेअर,
१२ मार्च २०२५

प्रिय मार्था आजी,

मी एला, ऍरनची मुलगी. माझा मराठी लिहिणं खराब आहे, सॉरी. हे मी मम आणि डॅडला न सांगता लिहिते.

तुमची पत्र आजोबाच्या टेबलवर होती. मी स्लोली वाचली. आजी, मम कधीच नाही म्हणाली नाही! तिला माहीतच नव्हता की तुम्ही येणार. मी तिला दाखवली तर ती किचनमध्ये बसून रडली. आता तिने छोटी बॉक्सरूम क्लीन केली आणि नवीन वॉर्म ब्लँकेट आणला तुमच्यासाठी. डॅडने आजोबाला विचारलं काय झालं, तर आजोबा वर निघून गेला. तो हल्ली नीट जेवत नाही. मला वाटतं त्याला टेन्शन आहे की तुम्ही आजारी पडाल. प्लीज या.

तुम्हाला सेंट ऑझवल्ड्स बघायची आहे ना? डोन्ट वरी, रिपेअर सगळी कधीच संपली. आता ती खूप सुंदर झाली आहे. नाव 'द नेव्ह' आहे, वेडिंग आणि पार्टीसाठी देतात. लास्ट समर माझी फ्रेंड दियाची रिसेप्शन तिथेच होती, तीनशे लोक! कलरच्या काचा सगळ्या ठेवल्या आहेत, लाइट लावल्यावर मस्त दिसतात. मागच्या बागेत पण छान फरशी केली, बसायला जागा, थंडी वाजली तर मोठे हीटर. आजोबा कधी आत येत नाही, म्हणतो म्युझिक लाउड असते.

तिथली मॅनेजर देवयानी दियाची कझिन आहे. मी तिला मेसेज केला. ती म्हणाली, सकाळी इव्हेंटच्या आधी आजीला घेऊन ये, मी दाखवते.

लव्ह,
एला

*

नगर,
२७ मार्च २०२५

दादा,

एलाचं पत्र सोबत पाठवते आहे. मी ते कोणाला दाखवलेलं नाही. वाच, आणि मग जे खरं असेल ते लिही. काही गाळू नकोस.

मार्था

*

एजवेअर,
१० एप्रिल २०२५

प्रिय मार्था,

एलाने लिहिलं ते खरं आहे. तिच्यावर रागावू नकोस, तिला वाटलं तुला ठाऊक आहे. अनुयाचा तर यात काडीचा संबंध नाही.

पहिल्यापासून लिहितो. २०१८ साली आमच्या उपासनेला अकरा माणसं उरली होती. त्यातले चौघे काठी टेकत येणारे. मी पंच कमिटीत होतो. बिशपच्या ऑफिसातून आलेल्या माणसाने आकडे वाचून दाखवले आणि म्हणाला, चर्च बंद करायला ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करावेत. सगळ्यांनी केले. मीही केला. हात वर करताना मला बाग आठवली नाही, मार्था. गळणारं छप्पर आणि बादल्या दिसत होत्या. घरी येऊन बूट काढत होतो तेव्हा शमू आठवला.

पुढच्या नऊ मेला गेलो तर फाटकाला साखळी होती. मेणबत्ती खिशात तशीच घेऊन परत आलो. तुला तसंच लिहिणार होतो. पण भाऊजींना अर्धांगवायू झाल्याचं तुझं पत्र त्याच आठवड्यात आलं होतं. माझ्याने लिहवलं नाही. मी लिहिलं, मेणबत्ती लावली. दुसऱ्या वर्षी तेच लिहिणं सोपं गेलं. मग मी त्यात भर घालू लागलो. आज वेदीवर लिली होत्या, आज गाणं छान झालं. नव्या पाळकबाई कोणी नाहीत. त्यांनी शमूचं नाव घेतलं हे मी रचलं. तुला आनंद होईल असं वाटलं, आणि लिहिताना मलाही बरं वाटत होतं.

याहून वाईट पुढे आहे. इमारत विकण्यापूर्वी बागेतल्या रक्षा हलवाव्या लागल्या. त्या डब्यात नव्हत्या, मातीत मिसळलेल्या होत्या. म्हणून हातभर खोल माती काढून ती कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, सिमेटरीत एका जागी नेऊन घातली. प्रार्थना झाली म्हणे. मी गेलो नाही. तिथे सगळ्यांचा मिळून एक दगड आहे. आधी प्रत्येक घरी पत्र आलं होतं: दगडावर नाव कसं लिहायचं ते कळवा, आतली पाटी हवी असल्यास घेऊन जा. मलाही आलं. मग आठवण देणारी आणखी दोन आली. मी तिन्ही खणात ठेवली. उत्तर द्यायचं म्हणजे तुला सांगणं आलं. सांगायचं म्हणजे मागची सगळी पत्रं खोटी होती हे कबूल करणं आलं. उद्या करू, उद्या करू करत मुदत गेली.

दगडावर एकेचाळीस नावं आहेत. शमूचं नाही. पाटी कुठे गेली ते कोणालाच सांगता येत नाही, मी परवा जाऊन विचारून आलो.

तो होता त्या जागी आता फरशी आहे. लग्नाला आलेले लोक तिथे सिगारेट ओढायला उभे राहतात.

तो गेला तेव्हा तू मला फोनवर म्हणाली होतीस, "दादा, यात तुझा दोष नाही." तेव्हा नव्हता. या वेळी आहे.

येऊ नकोस असं आता म्हणणार नाही.

योएल

*

नगर,
२५ एप्रिल २०२५

दादा,

तिकीट बदललेलं नाही. येते आहे. एअरपोर्टवर ऍरन आणि एला आले तर पुरे, तू यायला हवंच असं नाही.

अनुयाबद्दल मी जे लिहिलं त्याची मला लाज वाटते. तिला तसं सांगू नकोस, मी स्वतः सांगेन. पीठ आणते.

तुझ्याशी काय बोलायचं ते मला माहीत नाही. मी काही बोलले नाही तर ते कानांमुळे आहे असं लोकांना सांग.

मार्था

*

एजवेअर,
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय मार्था,

तू महिना राहणार होतीस आणि बारा दिवसांत परत गेलीस. त्यानंतर मी दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. हे तिसरं. याचंही आलं नाही तरी मी समजेन. पण हे तुला कळवणं माझं काम आहे.

शमूचं नाव दगडावर आलं. मागच्या मंगळवारी.

तू इथे असताना आपण सिमेटरीत गेलो तो दिवस मी विसरू शकत नाही. तू दगडापुढे चष्मा लावून उभी राहिलीस आणि एकेचाळीस नावं मोठ्याने वाचलीस. हजेरी घेतल्यासारखी. तुला तुझा आवाज ऐकू येत नाही, पण आजूबाजूचे लोक वळून बघत होते. शेवटचं नाव झाल्यावर तू थांबलीस. मला वाटलं आता काही बोलशील. तू म्हणालीस, "चल."

तू गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी अर्ज केला. दगड चर्चच्या ऑफिसचा, जागा कौन्सिलची, दोघांची परवानगी लागते. फॉर्मवर एक रकाना होता, उशीर का झाला. मी लिहिलं, "मला तीन पत्रं आली, मी उत्तर दिलं नाही." ऍरन म्हणाला, "पप्पा, आजारी होतो असं लिहा ना, लवकर होईल." मी तसंच ठेवलं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, मृताशी नातं? मी म्हटलं, अंकल. इंग्रजीत मामाला वेगळा शब्द नाही. काका, मामा, शेजारचा कोणीही, सगळे अंकलच. तिथे उभं राहून तिला समजावून सांगावंसं वाटत होतं की मामा म्हणजे आईचा भाऊ, ज्याच्या घरी आई मूल निर्धास्त पाठवते तो. पण मागे रांग होती.

नाव कोरताना मी, ऍरन, अनुया आणि एला तिथे होतो. पाथरवट तरुण होता, बरोबर काम केलं त्याने. बाकीच्या नावांत आणि याच्यात फरक दिसतो, हे नवं असल्यामुळे पांढरं आहे. दोन-तीन हिवाळ्यांत मिसळून जाईल म्हणाला. फोटो सोबत आहे.

एक विचारायचं राहिलं. नऊ मेला तू एलाबरोबर त्या हॉलमध्ये गेलीस तेव्हा मी फुटपाथवर उभा होतो. आत यायचं धाडस झालं नाही. तू बाहेर आलीस ती थेट गाडीत बसलीस. एलाला विचारलं तर म्हणते, आजीला विचारा. आत काय झालं ते लिहायचं असेल तर लिही. नसेल तर राहू दे.

योएलदादा

*

नगर,
२६ नोव्हेंबर २०२५

दादा,

फोटो पोचला. स्पेलिंग बरोबर आहे. तारीखही.

आत काय झालं ते विचारतोस. काही झालं नाही. देवयानी चांगली मुलगी आहे. दार उघडून उभीच होती. सोनेरी खुर्च्या आणि गोल टेबलं मांडलेली, त्या दिवशी कोणाचा तरी साखरपुडा होता. खिडक्यांच्या काचांतून लाल-निळा उजेड टेबलांवर पडला होता. खरंच सुंदर होतं, खोटं कशाला लिहू. तुझं बाक कुठे असायचं म्हणून विचारलं. एलाने लहानपणच्या आठवणीने दाखवलं, चौथी ओळ, डाव्या हाताला. तिथे आता केकचं टेबल असतं. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. कोणीतरी स्पीकर तपासत होतं. ऐकू येत नव्हतं, पण पायाखाली जमीन थरथरत होती. देवयानीने धावत जाऊन ते बंद करायला लावलं. मग तिने एलाकडून कागदावर लिहून घेतलं, "आजी, तुम्हाला प्रेअर करायची आहे का? आम्ही सगळे बाहेर जातो." मी म्हटलं, "नको गं." प्रार्थना सुचतच नव्हती. सत्तावीस वर्षं मनात त्या जागी बसून केली होती, आणि तिथे गेल्यावर एक शब्द आला नाही.

मग मागे बागेत नेलं. मी फरशीवर बसले. तो तिथे नाही हे मला माहीत होतं. तरी बसले. उठले तेव्हा साडीला सिगारेटची राख लागली होती. एला रडत रडत ती झटकत होती आणि "सॉरी आजी, सॉरी आजी" म्हणत होती, ओठांवरून कळत होतं. त्या पोरीने काय केलं होतं सॉरी म्हणण्यासारखं? म्हणून मी गाडीत येऊन बसले. तुझ्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर त्या मुलीसमोर तुला नको ते बोलले असते.

आता मी तुला एक सांगते, जे तिथे असताना सांगितलं नाही. २०२२ सालचं तुझं मे महिन्याचं पत्र आलं तेव्हा हे अंथरुणाला खिळलेले होते. वाचा गेलेली. मी ते पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. वेदीवर लिली होत्या, गाणं झालं, शमूची मेणबत्ती शेवटपर्यंत जळली, असं तू लिहिलं होतंस. ह्यांनी डावा हात उचलून छातीवर ठेवला. उजवा तर गेलेलाच होता. चार दिवसांनी हे गेले, अगदी शांत. मला तेव्हा वाटलं, मुलाची काळजी घेणारं कोणीतरी तिथे आहे, हे ऐकून गेले. आता कळतं की त्या पत्रातलं काहीच खरं नव्हतं. त्याबद्दल तुझे आभार मानू की तुला दोष देऊ? सहा महिने झाले, माझं ठरत नाही. म्हणून तुझ्या आधीच्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही.

इथे चर्चमध्ये मी कोणाला काही सांगितलेलं नाही. फक्त पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मार्थाबाई, भावाला क्षमा केली असं एक ओळीचं पत्र टाका, तुम्हीही मोकळ्या व्हाल, तेही होतील." त्यांचं बरोबर असेल. परवा बसले लिहायला. 'प्रिय दादा, मी तुला क्षमा केली आहे' असं लिहिलं, वाचलं, फाडलं. तीन कागद गेले. प्रार्थनेत म्हणता येतं, कागदावर उतरत नाही.

तू पत्रं लिहीत जा. मी वाचीन, आणि उत्तरही देईन. एलाला सांग, तिचं मराठी खराब नाही. मनात क्षमा उतरली की मी तसं लिहीन. तू ब्याऐंशीचा, मी सत्त्याहत्तरची, आपल्याकडे फार वेळ नाही हे मला कळतं. पण वेळ नाही म्हणून मी तुला खोटं लिहिणार नाही.

मार्था